सल्ला सदर : ‘लेक म्हणतो, जॅझमध्ये बासच वाजवणार’

पत्र : “आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत आहे. दोन वर्षं बास गिटार वाजवत होता. गेल्या वर्षी शाळेच्या जॅझ बँडमध्ये उभा डबल बास, ते माणसाहून उंच, खर्जातलं तंतुवाद्य, हातात आला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. कॉलेजात जॅझच शिकायचं म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, कॉम्प्युटर सायन्स घे, हे शनिवार-रविवारी वाजव. आणि कार्यक्रमात तुझा आवाज ऐकू तरी कुठे येतो? शाळेचं वाद्य जूनमध्ये परत करायचं आहे, म्हणजे नवं घ्यावं लागणार. कोणतं घ्यावं? यात पोट भरतं का? शिवाय हल्ली त्याच्या उजव्या बोटाला फोड येतात आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. तो सांगत नाही, पण मला दिसतं. – एक आई”

नमस्कार ताई,

तुम्ही शेवटी लिहिलेलं आम्ही आधी घेतो. कॉलेजचा निर्णय दोन महिने थांबला तरी बिघडत नाही, दुखणारा हात थांबत नाही.

उजव्या बोटाच्या फोडाची काळजी करू नका. डबल बासची तार बास गिटारच्या तारेपेक्षा लांब असते, जास्त ताणलेली असते आणि फिंगरबोर्डपासून, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीपासून, बरीच उंच असते. सतारवाल्यांच्या बोटाला घट्टा पडतो तसा इथेही पडतो, त्याला चार-सहा आठवडे लागतात. तोवर फोड फोडायचा नाही. त्या दिवशी गजाने वाजवायचं. एका बैठकीत तासभर छेडण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका कराव्यात. आंघोळ झाल्या झाल्या वाजवू नये, कारण कातडी मऊ असते आणि लगेच सोलते. फोड पुन्हा पुन्हा त्याच जागी, बोटाच्या टोकाला येत असतील तर मात्र पद्धत चुकते आहे. बास गिटारवर बोटाच्या टोकाने तार ओढतात. डबल बासवर तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून तिच्या कडेच्या मांसल भागाने ओढतात. अंगठा फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी कडेला टेकवलेला असतो आणि जोर बोटाचा नव्हे, दंडाच्या वजनाचा असतो.

डाव्या अंगठ्याचं दुखणं जास्त गंभीरपणे घ्या. बास गिटारवरून आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला ते होतं, आणि कारणही बहुधा एकच असतं. बास गिटारवर चार बोटं चार पडद्यांवर ठेवायची सवय असते. डबल बासवर तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर असते. खालच्या भागात दोन अर्धस्वरांमधलं अंतर इतकं मोठं असतं की चार बोटं चार अर्धस्वरांवर ताणली, तर तळहात पसरतो आणि अंगठा दांडीला चिमट्यासारखा धरून बसतो. म्हणून इथे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं बोट चौथ्याला आधार देतं. पहिल्या आणि चौथ्या बोटात मिळून एकच पूर्ण स्वर बसतो. त्यापुढे जायचं तर हात सरकवायचा, ताणायचा नाही.

घरी करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे. त्याला वाद्य घेऊन उभं राहू द्या आणि डावा हात दांडीवरून पूर्ण काढायला सांगा. बास पडायला लागला तर तो डाव्या हाताने वाद्य सावरतो आहे आणि त्याच हाताने वाजवतोही आहे, दुखणारच. खालचा एंडपिनचा दांडा, मुलगा सरळ उभा राहिल्यावर दांडीचं वरचं टोक, म्हणजे तारा जिथे सुरू होतात ती जागा, साधारण कपाळाच्या पातळीला येईल इतका बाहेर काढायचा. बासची मागची कड डाव्या कमरेच्या खोबणीत टेकवायची आणि वाद्य थोडं आपल्याकडे झुकू द्यायचं. मग रोज पाच मिनिटं अंगठा दांडीला न लावता वाजवायचं. सुरुवातीला जमणार नाही, पण तारेवर दाब कोपराच्या आणि दंडाच्या वजनाने पडतो हे हाताला त्यातूनच कळतं.

दमलेला स्नायू रात्रभरात मोकळा होतो, त्याची भीती नाही. पण टोचल्यासारखी कळ, झोपेत जाग आणणारं दुखणं किंवा करंगळीला मुंग्या आल्या, तर त्या दिवसापासून वाजवणं बंद आणि हाताच्या डॉक्टरांकडे जायचं. करंगळीतल्या मुंग्यांचं मूळ बरेचदा कोपरात दबलेल्या नसेत असतं. मुलं हे लपवतात, कारण ‘बंद कर’ असं ऐकायचं नसतं. तुम्ही त्याला सांगा की दोन आठवडे थांबलं तर काही जात नाही, दुखण्यावर वाजवलं तर वर्षं जातात.

आता वाद्य. दुखण्याचा अर्धा दोष शाळेच्या बासचाही असू शकतो. एक स्टीलची पट्टी घेऊन फिंगरबोर्डच्या खालच्या टोकापाशी, बोर्डाच्या पृष्ठभागापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जॅझ वाजवण्यासाठी सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तार साधारण पाच-सहा मिलिमीटर आणि सगळ्यात जाड ‘ई’ (E) तार आठ-नऊ मिलिमीटर उंच असली की पुरे. शाळेच्या वाद्यांवर हे आकडे बारा-चौदापर्यंत गेलेले दिसतात. पूर्वी, ॲम्प्लिफायर नव्हते तेव्हा, आतड्याच्या तारा मुद्दाम उंच ठेवून जोरात ओढायचे, नाहीतर ट्रम्पेटच्या रांगेपुढे बास ऐकूच येत नसे. आता स्टीलच्या तारा आणि वाद्याचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारा पिकअप असताना सतरा वर्षांच्या मुलाने तो त्रास घ्यायचं कारण नाही.

मिरजेत सतारमेकर असतात तसे इथे बासचे कारागीर असतात, त्यांना ल्युथियर म्हणतात. गिटारच्या मोठ्या दुकानातून बास आणू नका. ऑनलाइन मागवून तर अजिबात नको. त्या वाद्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, बसवलेली नसते किंवा कशीतरी कापलेली असते, आणि सतारीची जवारी न काढता सतार विकण्यासारखाच तो प्रकार आहे. फक्त बासचं काम करणारी दुकानं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या परिसरात आहेत. त्याचे शाळेचे शिक्षक नाव सांगतील.

माप ‘थ्री-क्वार्टर’ घ्यायचं. नाव ऐकून लहान मुलांचं वाटेल, पण मोठ्यांचं नेहमीचं माप तेच आहे. प्रकार तीन. पूर्ण प्लायवूडचा बास साधारण दीड ते तीन हजार डॉलर. हायब्रिड, म्हणजे वरची तबली कोरीव लाकडाची आणि पाठ-बाजू प्लायवूडच्या, साधारण तीन ते पाच हजार. पूर्ण कोरीव त्याच्या पुढे, आणि वरच्या बाजूला मर्यादा नाही. तुमच्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे : पहिलं वर्ष चांगला प्लायवूड किंवा हायब्रिड भाड्याने घ्या. महिना साधारण पन्नास ते शंभर डॉलर पडतात आणि बरेच दुकानदार त्यातला काही भाग पुढच्या खरेदीत वळता करतात. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घरात हीटर चालला की हवेतला ओलावा एकदम उतरतो, कोरीव तबली आक्रसते आणि तडकते. प्लायवूड ते सहन करतं. कोरीव बास घेतलात तर खोलीत ओलावा चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ह्युमिडिफायर आला, रोज पाणी भरणं आलं. उन्हाळ्यात उलट होतं : तबली फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. म्हणून घोडीच्या पायांत उंची कमीजास्त करायच्या चकत्या बसवून घ्या. हे काम नंतर वेगळं करायला गेलात तर नव्या घोडीसकट तीनशे ते सहाशे डॉलर होतात, भाड्याच्या वेळीच मागितलं तर बरेचदा तसंच वाद्य मिळतं.

तारा बदलताना एक चूक हमखास होते. मुलं चारही तारा एकदम सोडवतात. बासच्या पोटात घोडीच्या एका पायाखाली साउंडपोस्ट नावाची एक लाकडी काठी उभी असते. ती चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने धरलेली असते. तारा सोडल्या की दाब गेला, काठी आडवी होते आणि कारागिराकडे जावं लागतं. तशीच तारा चढवली तर तबली खचते. एक तार काढायची, तीच चढवायची, सुरात आणायची, मग पुढची. दर वेळी घोडी बाजूने बघायची, कारण तार ताणताना ती फिंगरबोर्डकडे झुकत जाते आणि एक दिवस फाडकन पडते. तारांचा एक चांगला संच दोनशे डॉलरच्या आसपास किंवा वर असतो, पण जॅझवाले तो वर्षानुवर्षं चालवतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या स्पायरोकोर तारा जॅझमध्ये सर्रास दिसतात, कारण छेडलेला स्वर त्यांच्यावर लांब टिकतो. गजाला त्या थोड्या खरखरीत लागतात.

आणि गज हवाच. ‘जॅझ बोटांनी वाजवतात, गज कशाला’ असं तो म्हणेल. डबल बासला पडदे नसतात. छेडलेला स्वर लगेच विरतो, त्यामुळे तो किंचित खाली आहे की वर हे कळायच्या आत संपतो. गजाने स्वर लांबतो आणि चूक लपत नाही. इथे तुमच्या घरातली एक गोष्ट अमेरिकन मुलांना सहसा मिळत नाही ती त्याच्या कामी येईल : फोनवर तानपुरा लावायचा, मेट्रोनोम साठवर, आणि आठ-आठ मात्रांचा एक गज या हिशेबाने षड्जापासून सावकाश चढायचं आणि उतरायचं. रोज पंधरा मिनिटं. पुढे वीस मिनिटं डाव्या हाताच्या जागांचे धडे, तीस मिनिटं चालता बास, म्हणजे दर मात्रेला एक स्वर, आणि पंचवीस मिनिटं जुन्या वादकांची एखादी ओळ कानाने उतरवणं. असा दीड तास शाळेच्या दिवसाला भरपूर झाला. ओळ उतरवताना आधी गायची, मग वाजवायची, लिहायची सगळ्यात शेवटी. कागदावर आधी उतरवली की डोळे वाजवतात.

हा ‘चालता बास’ म्हणजेच त्याच्या आयुष्यभराचं काम, म्हणून थोडं जवळून दाखवतो. सी (C) म्हणजे सा धरू. जॅझमध्ये पुन्हा पुन्हा येणारी वाट अशी : चार मात्रा रे वर उभ्या राहिलेल्या कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर), पुढच्या चार प वरच्या कॉर्डच्या, मग सा. बासवाला दर मात्रेला एकच स्वर वाजवतो. पहिल्या चार मात्रांना रे, म, ध, कोमल ध. पुढच्या चारांना प, नी, तार रे, तार कोमल रे. आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर तार सा. त्यातला कोमल ध त्या कॉर्डचा स्वर नाही. तो तिथे आहे कारण प पासून अर्ध्या स्वरावर उभा राहून तो कानाला प कडे ओढतो. तसाच पुढे कोमल रे सा कडे ओढतो. पियानोवाल्याने कॉर्ड वाजवला नाही तरी ऐकणाऱ्याला वाट कळते, ती या चौथ्या मात्रेमुळे. १२० च्या लयीत पाच मिनिटांचं गाणं म्हणजे असे सहाशे स्वर. ते आधी लिहिलेले नसतात, वाजवतानाच सुचवायचे असतात.

नवशिक्याचं दोन ठिकाणी बिघडतं. पुढचा स्वर शोधायच्या घाईत तो आधीच्या स्वरावरचं बोट लवकर उचलतो आणि चालीत भोकं पडतात. स्वर पुढच्या स्वरापर्यंत भरलेला असला पाहिजे. दुसरं लयीचं. आपल्या घरात वाढलेल्या मुलाचा हात समेवर पडतो, जॅझमधला जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. मेट्रोनोम १२० ऐवजी साठवर ठेवायचा आणि त्याचा प्रत्येक ठोका दोन आणि चार आहे असं धरून वाजवायचं. पहिल्या आठवड्यात ठोका घसरून एक-तीनवर जाईल. तो स्थिरावला की ड्रमवाला जिच्यावर सतत लय धरतो त्या राइड झांजेशी त्याचा स्वर आपोआप जुळायला लागेल. सोलो चांगला आणि चाल कच्ची असणाऱ्या बासवाल्याला लोक एकदा बोलावतात. सोलो बेताचा पण चाल पक्की असणाऱ्याची डायरी भरलेली असते.

पोट भरतं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. बासवादक रॉन कार्टर यांचं उदाहरण घ्या. १९३७ मध्ये मिशिगनमध्ये जन्म. लहानपणी चेलो शिकले. काळ्या मुलाला त्यात संधी मिळत नाही हे दिसल्यावर शाळेतच बासकडे वळले. १९५९ मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलची पदवी आणि १९६१ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची मास्टर्स, पण सिंफनी ऑर्केस्ट्राची दारं रंगामुळे बंदच राहिली. १९६३ ते ६८ ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात होते, आणि जग त्यांना त्या पाच वर्षांसाठी ओळखतं. पण घर चाललं ते पुढच्या सगळ्या कामावर : स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवणं, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अनेक वर्षं शिकवणं, स्वतःचे छोटे बँड. २०१५ मध्ये गिनेसने त्यांच्या नावावर २,२२१ रेकॉर्डिंगची नोंद केली. बासवादक मिल्ट हिंटन यांचंही तसंच. १९३६ ते ५१ कॅब कॅलोवे यांच्या मोठ्या बँडमध्ये. मोठे बँड मोडीत निघाल्यावर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंनी त्यांना उचललं, कारण समोर ठेवलेला कागद ते पहिल्याच वाचनात वाजवत आणि वेळेवर येत.

हे आपल्याकडेही घडलेलं आहे. मुंबईत ताजच्या बॉलरूममध्ये आणि चर्चगेटच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये ते स्वरलिपी वाचायला शिकले होते, म्हणून अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांना सिनेमात काम होतं. जॅझवर प्रेम आणि वाचनावर भाकरी, असा तो हिशेब होता. तुमच्या मुलाला खर्जाची स्वरलिपी धडाधड वाचता येते का, हे बघा. येत नसेल तर त्याच्या भवितव्याच्या दृष्टीने हे अंगठ्यानंतरचं सगळ्यात तातडीचं काम.

आजचे आकडे साधारण असे. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत छोट्या रेस्टॉरंटमध्ये तीन तासांची बिदागी माणशी शंभर ते दीडशे डॉलर. लग्न किंवा कंपनीची पार्टी असेल तर अडीचशे ते पाचशे. तीन तास म्हटले तरी बास गाडीत चढवणं, टोल, पार्किंग, मांडामांड धरून सात तास जातात. चांगली बाजू अशी की पियानोवाले, गिटारवाले ढिगाने आहेत, डबल बासवाले कमी. बासशिवाय बँड उभा राहत नाही, त्यामुळे पक्का वादक आठवड्याला तीन-चार कामं करू शकतो. त्यात आठ-दहा विद्यार्थी जोडले की महिन्याचं जमतं. ब्रॉडवेच्या नाटकांत चांगले पैसे मिळतात, पण तिथे शिरायची वाट बदली वादकाची आहे : आधी रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात मूळ वादकाशेजारी बसून प्रयोग बघायचा, नोटेशन घरी पाठ करायचं, मग एखाद्या रात्री त्याच्या जागी चूक न करता वाजवायचं. तिथे बरेचदा एकाच माणसाला डबल बास आणि बास गिटार दोन्ही लागतात. म्हणून आत्ता टाकून दिलेली बास गिटार त्याला पुन्हा उचलायला सांगा. स्वतःचा अल्बम काढून पैसे मिळतील या हिशेबात मात्र राहू नये.

ही स्वतंत्र धंद्याची कमाई असते. पगारातून कर कापला जात नाही, कोणी आठवणही करत नाही. निव्वळ कमाईवर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आणि त्यावर आयकर. हा कर वर्षातून चार वेळा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीच्या मध्यावर भरायचा असतो. प्रत्येक बिदागीतून चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची आणि गाडीचे मैल लिहून ठेवायची सवय पहिल्या कामापासून लावा. २६ व्या वर्षापर्यंत तो तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकतो, ही फार मोठी मदत आहे. वाद्याचा विमा मात्र वेगळा काढा. घराच्या विम्यात पैसे घेऊन वाजवायला नेलेलं वाद्य बहुधा बसत नाही.

कॉलेजबद्दल आम्हाला मुलाच्या बाजूने बोलायचं आहे आणि बाबांच्याही. जॅझची पदवी कागद म्हणून फारशी उपयोगी नाही. उपयोगी असतात ती चार वर्षं, रोज वाजवायला मिळालेली माणसं आणि पुढे एकमेकांना कामाला बोलावणारी ती मंडळी. पण त्यासाठी खासगी कॉन्झर्व्हेटरीला, म्हणजे संगीत महाविद्यालयाला, वर्षाला सत्तर-ऐंशी हजार डॉलर देणं आम्हाला पटत नाही, भरघोस शिष्यवृत्ती नसेल तर. सरकारकडून विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर मिळणारं कर्ज चार वर्षांत मिळून साधारण २७,००० डॉलरपर्यंत जातं. दहा वर्षांच्या फेडीत त्याचा हप्ता महिना तीनशेच्या आसपास येतो, म्हणजे महिन्यातली दोन-तीन रेस्टॉरंटची कामं. ते झेपतं. दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता दोन हजारांच्या वर जातो, आणि तो असलेला बासवाला बावीसाव्या वर्षी बास विकून नोकरी शोधतो. कॉम्प्युटर विरुद्ध बास हा तुमच्या घरातला वाद खरं तर या आकड्याचा आहे. तो कागदावर मांडा आणि बाबांसमोर ठेवा.

तुमच्या नशिबाने शेजारीच पर्याय आहेत. न्यू ब्रन्सविकला रटगर्सच्या मेसन ग्रॉसमध्ये आणि वेनच्या विल्यम पॅटरसन विद्यापीठात जॅझची पदवी आहे. दोन्ही सरकारी, राज्यातल्या मुलांना फी कमी. विल्यम पॅटरसनचा जॅझ विभाग तर रूफस रीड या बासवादकानेच जवळपास वीस वर्षं चालवला. तिथे संगीत आणि दुसरा विषय जोडून घेता येईल का, हे प्रवेश कार्यालयाला विचारा. बाबांच्या आग्रहालाही त्यात जागा आहे. माँटक्लेअरला जॅझ हाउस किड्स ही शाळकरी मुलांची संस्था आहे. बासवादक ख्रिश्चन मॅकब्राइड यांच्या पत्नी, गायिका मेलिसा वॉकर यांनी ती सुरू केली. तिथे आजूबाजूच्या गावांतली त्याच्यासारखी मुलं भेटतील. प्रवेशासाठी बारावीच्या सुरुवातीला व्हिडिओ पाठवावे लागतात आणि जानेवारी ते मार्च प्रत्यक्ष वाजवून दाखवायचं असतं. बहुतेक ठिकाणी एक ब्लूज, एक संथ गाणं, एक मध्यम किंवा जलद लयीचं मागतात, चाल आणि सोलो दोन्हीसह, शिवाय गजाने काहीतरी. व्हिडिओ फोनवर काढलेला चालतो, पण मायक्रोफोन वेगळा लावा. फोन खर्ज पकडत नाही आणि त्याची मेहनत ऐकूच जात नाही.

तुम्ही विचारलेलं नाही पण सांगणं भाग आहे अशा दोन गोष्टी. एक, कान. बासवाला ड्रमच्या झांजेला चिकटून उभा असतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. वादकांसाठी आवाज सारखाच कमी करणारे इअरप्लग मिळतात, पंधरा डेसिबलचे घ्या आणि शाळेच्या सरावापासून लावू द्या.

दुसरी रात्रीची गाडी. न्यूअर्कमध्ये १९३६ साली जन्मलेला स्कॉट लाफारो हा जॅझ बासची दिशा बदलणारा वादक. प्लेनफिल्डला जन्मलेल्या पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटात त्याने बासला नुसत्या चालीतून बाहेर काढून पियानोशी बोलायला लावलं. म्हणजे तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आतली दोन गावं. २५ जून १९६१ ला ते दोघं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये वाजवले आणि ते रेकॉर्ड झालं. त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, गाडीच्या अपघातात लाफारो गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या बरोबर गाडीत असलेला प्रेस्कॉट या कारागिराचा एकोणिसाव्या शतकातला बास मोडला, तो पुढे कारागिरांनी दुरुस्त केला. मुलाला वाजवू द्या, पण रात्री एकला दूरच्या गावाहून एकट्याने गाडी चालवत परत यायचं नाही, मित्राकडे झोपायचं, हा नियम आत्ताच करा. वाद्यही गाडीत ठेवून झोपायचं नाही : उन्हात सरस सुटतो, थंडीत लाकूड तडकतं.

राहिली बाबांची तक्रार, की आवाज ऐकू येत नाही. पुढच्या कार्यक्रमाला त्यांना पहिल्या रांगेत न बसवता हॉलच्या मध्यावर बसवा. पुढे बसलं की कानात ट्रम्पेटच शिरतो. गाण्याच्या शेवटाकडे एक खेळ येतो : चार-चार मात्रांची चार आवर्तनं सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवतो, पुढची चार ड्रमवाला एकटा. ड्रमच्या त्या चार आवर्तनांत बहुधा बास थांबतो. त्यांना सांगा, तेव्हा मुलाच्या हाताकडे बघा आणि मनात सोळा मात्रा मोजा. सतरावीला त्याचं बोट तारेवर येईल.